सांधणीची समानता

सोलापुरात, बंद पडलेल्या एका गिरणीच्या दगडी भिंतीमागे दोन गल्ल्या समांतर गेल्या आहेत. एकीत बहुतांशी मुसलमान कुटुंबे राहतात. दुसरीत मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी विणकरांची व कष्टकऱ्यांची बिऱ्हाडे आहेत. दोहोंच्या मध्ये एक चौक, चौकात एक जुना लिंब, आणि लिंबाच्या सावलीला लागून सरकारी निधीतून उभे राहिलेले समाजमंदिर. त्या लिंबाखाली दुपारच्या वेळी दोरीच्या बाजेवर जी कृश वृद्धा डोळे अर्धवट मिटून बसलेली दिसते, ती गुलबानो. ती झोपलेली नसते आणि पुरती जागीही नसते. दोन्ही अवस्थांच्या सीमेवर कोठेतरी तिचा मुक्काम असतो आणि तिथून हाक मारून परत आणण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.

गुलबानोचे सारे तारुण्य चादरींच्या कारखान्यात गेले. मागावरचा ताणा संपत आला की नव्या ताण्याचे एकेक सूत जुन्या सुताच्या टोकाशी जोडावे लागे. या कामाला कारखान्यात सांधणी म्हणत. मागाच्या एका अंगाला गुलबानो आणि दुसऱ्या अंगाला बजाबाई, अशा दोघी समोरासमोर बसत. एकीने सूत निवडून पुढे करावे, दुसरीने त्याला पीळ देऊन सांधावे. बजाबाई मंगळवेढ्याकडची, ज्वारीच्या काळ्या रानातून लग्न होऊन या शहरात आलेली. सुताच्या त्या पडद्याआडून दोघींनी एकमेकींची लग्ने, बाळंतपणे आणि वैधव्ये पाहिली. कारखान्याच्या उंच झरोक्यातून उन्हाचा एक तिरका पट्टा आत येई, त्यात कापसाचे सूक्ष्म तंतू तरंगत राहत, आणि त्या सोनेरी धूसरतेत समोरच्या मैत्रिणीचा चेहरा पाण्याच्या तळाशी असल्यासारखा दिसे. आजही गुलबानोच्या अर्धनिद्रेत तोच प्रकाश भरून येतो.

मागांच्या अखंड गजराने तिचे कान मात्र कायमचे मंदावले. जग तिच्यापर्यंत कापसातून गाळून पोचते, आणि गाळताना बरेच काही मागेच राहते. पण त्याच गजराने तिला एक विद्याही दिली. कारखान्यात आवाजाने बोलणे व्यर्थ असे. म्हणून बायका केवळ ओठ हलवून बोलत आणि ओठांवरूनच ऐकत. उजेड पुरेसा असेल तर गुलबानो चौकाच्या पलीकडचे कुजबुजणेही वाचू शकते. अंधार पडू लागला, की ती खरोखरीच बहिरी होते.

दरवर्षी संविधान दिनाला, दिवस कलता कलता, या लिंबाखाली सभा भरते. जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या शिवराजने काही वर्षांपूर्वी हा प्रघात पाडला. दोन्ही गल्ल्यांतून जमखाने आणून एकच बिछायत अंथरतात. संविधानाची उद्देशिका गल्ल्यांतल्या भाषांमध्ये म्हटली जाते; मग वस्तीचे प्रश्न हात वर करून निकालात निघतात; आणि शेवटी भाकरी, शेंगाचटणी, डाळ असे ज्याच्या घरी जे रांधले असेल ते एकत्र करून सगळे जेवतात. सोहळा साधाच, पण मांगल्याने भरलेला.

त्यात एक उणीव होती. बिछायतीवर पुरुष बसत. बायका गच्च्यांवर, जिन्यांच्या पायऱ्यांवर, दारांच्या चौकटींत उभ्या राहून ऐकत. त्यांना खाली बसण्याची मनाई कोणी केलेली नव्हती; मनाई करण्याची वेळच कधी आली नव्हती.

गुलबानोला एकच गोष्ट हवी होती. समाजमंदिर दुपारभर कुलूपबंद असे. संध्याकाळी तिथे पुरुष कॅरम खेळत. दोन्ही गल्ल्यांतल्या बहुतेक बायका घरी विड्या वळत. अंधाऱ्या एकखणी घरात, मांडीवर सूप घेऊन, तंबाखूच्या धुळीत खोकत. त्यांना दुपारपुरते ते उजेडाचे, वाऱ्याचे दालन मिळावे, एवढीच तिची मागणी. गेल्या वर्षी तिने ती सभेत मांडली. कारखान्यात मुकादमापुढे बसण्याची सवय असल्याने ती एकटीच स्त्री बिछायतीवर बसली होती, आणि तिचा एकटीचाच हात वर गेला. समाजमंदिराची किल्ली सांभाळणारे हिंदुराव, हे बजाबाईचे धाकटे दीर, सौम्यपणे म्हणाले, "चाची, तुमच्या एकटीच्या हातानं कसं कुलूप काढू?"

"गच्चीवर एवढ्या बाया हायेत की. त्यांना विचारा."

"गच्चीवरचा हात पतंगाला," हिंदुराव म्हणाले. "बिछायतीवर बसंल त्येचाच हात मोजायचा, ह्यो आपला नेम हाय."

सभा हसली. हिंदुरावांचा नेम गुलबानोने त्यांच्या ओठांवरून वाचला होता; हशाचा आवाज तिला आला नाही. हसणे मात्र दिसले.

यंदा नोव्हेंबर उजाडताच ती बजाबाईच्या उंबऱ्याशी जाऊन बसली.

"बजा, या बारीला माझ्याशेजारी खाली बस."

"मला काय येड लागलंय व्हय? दीर हायेत समोर. त्येंच्या म्होरं जमखान्यावर मांडी घालून बसू?"

"मुकादमासमोर बसत होतीस की."

"तितं पोटासाठी बसत हुते."

"मग हितं कायकू नको?"

"हितं तुज्या डोस्क्यात भुंगा शिरलाय म्हनून," बजाबाई म्हणाली आणि चहाचा कप तिच्या हातात कोंबून विषय बंद केला.

गुलबानो मग शिवराजकडे गेली आणि म्हणाली, की यंदा मराठीतली उद्देशिका मी म्हणेन. तिला मराठी अक्षरे येत नव्हती. शिवराज न्यायालयातून परतताना तिच्या कानाशी वाकून एकेक वाक्य म्हणे आणि ती ते मनात साठवी. तिने ते शब्द फार भक्तीने घेतले. रात्रंदिवस ती त्यांच्याच गुंगीत असे. भाजी निवडताना ओठ हलत, नमाजानंतर तसबीहचे मणी सरकत असतानाही मागून तेच शब्द वाहत राहत. न्याय, स्वातंत्र्य हे शब्द तिला परिचित होते. पुढे 'दर्जाची व संधीची समानता' असे शब्द आहेत. तिच्या मंदावलेल्या कानांनी 'संधीची' हा शब्द घेतला तो 'सांधणीची' असा. तिला त्यात नवल वाटले नाही. उलट देशाच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात आपल्या कामाचे नाव आहे म्हणून तिला गहिवरून आले. शिवराजला तिच्या उच्चारात काही वावगे जाणवले नाही. तिच्या तोंडी अनेक शब्दांचे कोपरे झिजलेले असत, त्यांतलाच हाही एक, असे त्याने मानले.

तसे पाहता तिची चूक फार दूरची नव्हती. संधी म्हणजे मुळात जोडणेच. दोन वर्ण जवळ येऊन एकरूप होतात त्यालाही व्याकरणात संधीच म्हणतात, आणि दिवस व रात्र जिथे जुळतात ती संध्या. सभेची वेळ नेमकी तीच होती. सूर्य गिरणीच्या थंड धुराड्यामागे उतरला होता. आकाशाला पिकल्या बोराचा रंग चढला होता. लिंबाची पाने आपापल्या जागी थांबून राहिली होती. वस्तीतल्या विणकर शिवलिंगप्पांनी कन्नडमधून उद्देशिका म्हटली. मग गुलबानो उठली. नवी पेठेतून भाड्याने आणलेला माइक तिने दोन्ही हातांनी, पाण्याने भरलेला तांब्या धरावा तसा धरला, डोळे मिटले आणि शब्द सोडू लागली. तिचा आवाज दूरच्या कोणत्या तरी दालनातून यावा तसा येत होता. 'दर्जाची व सांधणीची समानता' असे म्हणून ती थांबली. डोळे उघडले. तिला ते समजावून सांगावेसे वाटले.

"सांधणी म्हंजे," ती म्हणाली, "दोन्ही सुतं सारखी वळली पायजेत. एक जाड, एक बारीक, असं असलं तर गाठ सुटते."

गच्चीवरून बजाबाईचे खणखणीत हसू कोसळले.

"अगं बाई! बानू, संधी गं, संधी! आपली सांधणी न्हवं!"

सारा चौक हसला. गुलबानोने मान वर केली. वर बजाबाईचे ओठ हलत होते, पण उजेड विझत आला होता आणि ते ओठ आता केवळ एक हलणारी सावली झाले होते.

"बजा, दिसंना गे! काय म्हणतीस?"

"संधी! संधी!"

"चंदी?"

"आगं चंदी घोड्याला! संधी!"

"ऐकू येत न्हाई. खाली ये, ओठ दिसू देत."

बजाबाई तणतणत जिना उतरली. बिछायतीच्या कडेला चपला काढल्या, पुरुषांच्या रांगेतून वाट काढीत थेट गुलबानोपुढे येऊन बसली आणि कारखान्यात बोलत असे तसे, आवाज न करता, ओठ ताणून शब्द उच्चारला. गुलबानोने तो वाचला आणि विचारले, "पर त्याचा अर्थ काय?"

बजाबाईने मान वळवून इतर बायकांकडे पाहिले. समोरच्या जिन्यावरून नरसम्मा, वस्तीत सर्वांत चपळ हाताने विड्या वळणारी, ओरडली, "आमच्या तेलुगूत अवकाशम् म्हणतात!"

"कन्नडातबी अवकाशच," शिवलिंगप्पांनी दुजोरा दिला.

"अवकाश म्हंजे सवड की," बजाबाई वळून म्हणाली. "सवड कुटली आलीया आमाला? सवडीची समानता म्हंजे कुणालाच न्हाई!"

पुन्हा हशा. गुलबानो एकाग्रतेने प्रत्येक दिशेला तोंड वळवीत होती. "नरसम्मा, काय म्हणालीस? खाली येऊन सांग, ऐकू येत न्हाई."

नरसम्मा उतरली. पाठोपाठ पलीकडच्या दारातून सबा नावाची तरुण सून ओढणी सावरीत आली. "चाची, हमारे में उसकू मौका बोलते," असे तिला गुलबानोच्या कानाशीच सांगायचे होते, म्हणून ती कानाशी येऊन बसली. मग कोणीतरी म्हणाले मौका वेगळा आणि संधी वेगळी. ते खोडून काढायला आणखी दोघी आल्या. भांडणाला माणसे जमतात तशा, पण भांडणाविना, गच्च्यांवरच्या धूसर आकृती एकेक करून खाली झिरपू लागल्या. संधिप्रकाशात त्यांची लुगडी आणि ओढण्या यांचे रंग एकमेकांत विरघळत होते.

"आरं, ही सभा हाय का मंगळवारचा बाजार?" हिंदुराव कातावले. "जरा सरका! माझ्या गुडघ्यावर बसताय की."

पुरुष सरकले. आणखी सरकले. काही बिछायतीबाहेर मातीवर गेले. मग शिवराजने माइक उचलला आणि शांतपणे मागील वर्षीचा प्रश्न पुन्हा ठेवला: समाजमंदिर दुपारी बायकांना द्यावे की नाही?

हिंदुराव बोलायला उठले. पण समोर बजाबाई बसलेली होती. थोरल्या भावाची पत्नी, त्यांना लहानपणी न्हाऊ घातलेली. तिने हात वर केला होता.

"वहिनी, तुमीबी?"

"आता बसलेच हाय, भावजी, तर हात काय मांडीखाली ठिवू?"

तिच्यामागे हात उगवत गेले. बांगड्यांचा एक लांबच लांब, मंद नाद चौकातून वाहत गेला. हिंदुरावांनी बोट उभारून मोजायला आरंभ केला आणि पहिल्याच रांगेत मोजणे सोडून दिले. ते हळूच म्हणाले, "कॅरमच्या वक्ताला खोली मोकळी पायजे मातूर."

"झाडूनसुद्धा देऊ," नरसम्मा म्हणाली.

त्यानंतर गलबला इतका झाला, की उद्देशिका अर्धीच राहिली आहे याचे भान कोणालाच उरले नाही. समानतेच्या पुढे बंधुता हा शब्द आहे. तो त्या दिवशी मराठीतून उच्चारायचा राहूनच गेला. लोक जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिराचे कुलूप निघाले. बायका आपापली सुपे, पाने, कात्र्या आणि दोऱ्याची रिळे घेऊन आल्या आणि प्रथम काही वेळ कोणी बसेचना. पाहुण्यांच्या घरी उभे राहावे तशा उभ्या राहिल्या. मग खिडक्या उघडल्या. हेमंतातले ऊन सौम्यपणे फरशीवर पसरले.

"बानू, खरं सांग," बजाबाईने भिंतीला पाठ टेकत विचारले. "काल मुद्दाम चुकलीस न्हवं?"

"काय म्हणालीस? ऐकू आलं न्हाई."

"मोप उजेड हाय की हितं! माझे व्हट दिसत्यात तुला."

गुलबानो हसली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. काही वेळाने तिने पुन्हा वळून पाहिले तेव्हा बजाबाईचे तोंड किंचित उघडे होते आणि श्वास संथ झाला होता. तिच्यापलीकडे सबा ओढणी तोंडावर घेऊन आडवी झाली होती. कोणी कोणाच्या खांद्यावर, कोणी हाताच्या उशीवर. घराबाहेर, उजेडात, वाऱ्यात, कोणाच्याही हाकेच्या धास्तीविना त्या बायका आयुष्यात बहुधा प्रथमच झोपल्या होत्या. काम तसेच पडून होते. नरसम्मा बसल्याजागीच पेंगली होती. अर्धी वळलेली विडी बोटांत तशीच होती आणि सूप मांडीवरून घसरू पाहत होते. गुलबानो गुडघ्यांवर हात टेकून उठली, आवाज न करता तिच्यापाशी गेली आणि ते सूप अलगद उचलून तिने खाली ठेवले.