‘अकॉर्डिंग टु’ एवढेच शब्द

लढाईचे दिवस होते. तासगावजवळच्या आमच्या गावात भर दुपारी शेजारच्या आबांच्या दारात अख्खी आळी जमलेली… आबांचा मुलगा तुकाराम ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता.

कापडाचे व्यापारी दस्तगीरचाचा सांगलीहून एक इंग्रजी पेपर घेऊन आले होते. तिथं त्यांना कुणीतरी सांगितलं, तुकारामची पलटण कापली गेली, कुणी उरलं नाही. चाचांना इंग्रजी येत नव्हतं. मी नुकतीच मॅट्रिक झालेली, म्हणून मला बोलावणं आलं.

तुकारामची बायको, सुभद्रावहिनी, भिंतीला टेकून बसली होती. आळीतल्या एका म्हातारीनं तिचा हात धरलेला… बांगड्या फोडायला.

“पोरी, काय लिवलंय त्येच वाच,” आबा म्हणाले.

पलटणीचं नाव होतं. सगळे गेले, असंही होतं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, तेव्हा वाक्याच्या सुरुवातीचे शब्द दिसले. ‘अकॉर्डिंग टु ॲन आर्टिकल…’ म्हणजे एका लेखाप्रमाणे.

शाळेत मास्तरांनी हे घोटून घेतलं होतं. इंग्रजीत लिहिणारा स्वतः खात्री देत नसेल, तर कुणाच्या लेखातून घेतलं ते आधी सांगतो. पुढे ‘क्लेम्स’ होतं… म्हणजे तो लेख तसा दावा करतो.

“आबा, हे लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं नाही. दुसऱ्या कुठल्या पेपरात लेख आलाय, त्यात असं म्हटलंय, एवढंच तो सांगतोय.”

“म्हंजी खोटं हाय?”

सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनीसुद्धा. हो म्हणावंसं फार वाटलं…

“ते नाही सांगता येत. पण लिहिणाऱ्यालाही ठाऊक नाही.”

“छापलंय की,” म्हातारी म्हणाली. “आता कशाची वाट बघायची?”

आबा उठून उभे राहिले. मग म्हणाले, “सरकारची तार न्हाई आली. तवर तिच्या हाताला कुणी हात लावायचा न्हाई.”

पुढचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. तारवाल्याची सायकल दिसली की ती आबांच्या दाराशी थांबते का, ते मी बघत राहायचे. वहिनी विहिरीवर हळूच म्हणायची, “त्ये शब्द म्हन की.” मी ‘अकॉर्डिंग टु’ म्हणायचे, आणि ती घागर उचलून चालू लागायची.

पावसाळा सरला. म्हसवडचा एक शिपाई रजेवर घरी जाताना वाट वाकडी करून आबांकडे आला. तुकाराम जिवंत हाय, म्हणाला.

आबा जागचे हलले नाहीत. “तू सोता बघितलास, का कुणी सांगितलं?”

“सोता बघितला, आबा. आसामात इस्पितळात हाय, पायाला गोळी लागलीया. माज्या हातानं पाणी पाजून आलोय.”

तेव्हा कुठे आबा रडले…

तो लेख पुरता खोटा नव्हता. पलटणीतले पुष्कळ गेले, शेजारच्या गावातले दोघे परत आलेच नाहीत. तुकाराम लंगडत का होईना, घरी आला. त्या दुपारी मला जेवढं ठाऊक होतं तेवढंच बोलायची बुद्धी झाली, याचं आजही बरं वाटतं.