आधी मामाजी, मग स्वरा

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, माझ्या लेकीचा घास चाखायच्या आधी तोंडातली कवळी काढून पेल्यात ठेवत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जागच्या जागी थिजले. ओट्यापाशी उभे, गाल आत गेलेले, डोळे मिटलेले आणि तोंडात मऊ खिचडीचा घास इकडून तिकडे फिरतोय! "अहो मामाजी, हे काय?" तर म्हणाले, "तिले दात नाई, मंग मले काऊन पाहिजे? माह्या हिरडीले जमलं, तं तिच्या हिरडीले जमन."

आता हा माणूस कोण, तर आर्वी डेपोत एसटी चालवून रिटायर झालेला. घरात पाण्याचा पेला कधी स्वतः भरून घेतला नाही. चहा हवा असला की रिकामा कप दिवाणाच्या कठड्यावर वाजवायचा, बस. माझे यजमान सांगायचे, बाबांनी मला कधी एक घास भरवल्याचं आठवत नाही. तर अशा घरात स्वरा सहा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपत आली. नोकरी पुलगावला, सकाळी गेले की संध्याकाळी परत. सासूबाईंचे हात संधिवाताने वाकडे, वाटी धरली की सांडलीच. पोरगी वरचं खायला लागली नाही, तर मोठ्या मिनतवारीने मिळवलेली नोकरी सोडावी लागणार होती. मी रडकुंडीला आले होते. आणि एक दिवस मामाजी सहज बोलल्यासारखे म्हणाले, "मी खाऊ घालतो पोरीले." सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. मला वाटलं, नवऱ्याच्या तोंडून कामाचं नाव ऐकून दचकल्या असतील.

दवाखान्यातली डॉक्टरीण कोल्हापूरकडची. ती म्हणाली, नाचणी द्या. आमच्याकडे ज्वारी पिकते, तूर पिकते, नाचणी कोण पेरतो? मामाजींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता गाडीत बसून थेट नाचणगाव गाठलं! दुकानोदुकानी म्हणत फिरले, "तुमच्या गावची नाचणी द्या." लोकांनी हसून हसून पोट धरलं. संध्याकाळी ज्वारीची पिशवी घेऊन परतले ते भडकलेलेच. "नाव गावाचं अन् माल कोकणातला! असं कुठं असते का?" डॉक्टरणीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, ज्वारीही उत्तम. तेव्हा कुठे शांत झाले.

मग ज्वारी भिजली, तिला मोड आले, सावलीत वाळली, भाजली, दळली. पीठ मामाजींनी जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळलं. मीठ नाही, साखर नाही, मध नाही. शेजारच्या काकूंनी चहात बुडवलेलं बिस्कीट पुढे केलं, तर म्हणाले, "तुमच्या घरी नेऊन खा." काकू महिनाभर आल्या नाहीत. आणि नवा पदार्थ एका वेळी एकच. "एका टायमाले एकच नवी सवारी चढवाची. दोघी चढल्या अन् भांडन झालं, तं उतरवाचं कोनाले?" आज कोहळं, म्हणजे लाल भोपळा, तर तीन दिवस कोहळंच. प्रत्येक घास दोन बोटांत दाबून पाहायचे, पुन्हा पुन्हा. मी म्हणायची, मामाजी, खिळा नाही हो त्यात! ते हसत नसत.

आणि मग उष्टवणाचा दिवस; घास आधीच सुरू झाले होते, पण मुहूर्त आत्ता निघाला. हिंगणीहून माझा भाऊ आला, माझी आई आली, घर पाहुण्यांनी भरलं. स्वरा मामाच्या मांडीवर बसली, मानाचा घास बिनसाखरेच्या खिरीचा झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भावाला प्रेमाचं भरतं आलं. ताटातला डाळिंबाचा एक दाणा उचलून तो म्हणाला, "हा मामाकडून." आणि मामाजींनी त्याच्या हातावर फाडकन मारलं! वाटी उडाली, खीर माझ्या साडीवर, पोरीने टाहो फोडला. अरे बाप्पा! आमच्याकडे मामाचा मान काय असतो ते सांगायला नको. उष्टवणाच्या पाटावर मामाला मारलेलं मी बापजन्मी ऐकलं नव्हतं. भावाचा चेहरा पांढराफटक. आईने पिशवी उचलली. मामाजी मागच्या अंगणात निघून गेले.

तेवढ्यात सासूबाई भिंतीला धरून खाली बसल्या. म्हणाल्या, "त्यायले काई बोलू नका. आमचा पयला पोरगा फुटान्यानं गेला. आठ महिन्याचा होता. ह्यायनं लाडानं तोंडात देल्ला. दवाखान्यापावतर पोचलोच नाई."

माझे यजमान लहान मुलासारखे म्हणाले, "आई, मले भाऊ होता?"

सासूबाईंनी नुसती मान डोलावली. एका छपराखाली इतकी वर्षं राहून लेकाला माहीत नाही! आई कानाशी लागली, "पोरगी यांच्या हाती ठेवू नको." खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तेच वाटलं.

मी अंगणात गेले. मामाजी नळाखाली घासलेलीच वाटी पुन्हा घासत होते. मान खाली घालून म्हणाले, "बाई, दुसरं कोनी पाहा. मले नाई जमाचं."

मला एकदम रागच आला. कशाचा, ते अजून कळलेलं नाही. माझ्या पोरीच्या घशाची या माणसाइतकी धास्ती जगात दुसऱ्या कोणाला असणार होती? मी म्हटलं, "सोमवारी मी ड्युटीवर चालले. जमतं की नाही ते तुमचं तुम्ही पाहा. आता पोरगी उपाशी आहे." आणि स्वराला त्यांच्या मांडीवर ठेवून दिलं. तिने आपला आ केला. थोड्या वेळाने भाऊ दारात येऊन मामाजींना म्हणाला, "काकाजी, चला ना, पान वाढलं." तेव्हा मामाजी ढसाढसा रडले.

सोमवारी मी कामावर गेले. पुढे एकदा लवकर घरी आले, तर आतून मामाजींचा आवाज येत होता, "तुहे मोठेबाबा बी असेच थुंके. वरन देल्लं का फुर्र!" मी दारातच खिळले. वडिलांच्या मोठ्या भावाला आमच्याकडे मोठेबाबा म्हणतात. आठ महिन्यांचं ते लेकरू मामाजींनी माझ्या मुलीचे मोठेबाबा करून टाकलं होतं, आणि रोज घासागणिक तिला त्याच्या गोष्टी सांगत होते.

गेल्या उन्हाळ्यात मामाजी दुपारचे झोपले ते उठलेच नाहीत. माझा अजून विश्वास बसत नाही.

परवा नव्या शेजारणीने आता चुरूचुरू बोलणाऱ्या स्वराला विचारलं, घरी कोण कोण असतं गं? स्वराने बोटांवर मोजलं, "आई, बाबा, आजी अन् मोठेबाबा."

"अगं बाई, मोठेबाबा पण इथेच राहतात? दिसले नाहीत कधी."

"ते ना, अजून लहान आहेत," स्वरा म्हणाली.

शेजारीण माझ्याकडे पाहायला लागली. सासूबाई कोपऱ्यात तूर निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "बंडू. बंडू नाव हाय त्याचं."