स्थळ पाहावं तशी कंपनी

माझ्या मामांचं जालन्यात मस्तगड भागात कड्या, कोयंडे, बिजागऱ्या आणि खिळ्यांचं दुकान होतं. दुकान एवढंसं. पण नात्यात मामांचं नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी. कुठल्याही मुलीला स्थळ आलं की चौकशीला मामांनाच धाडायचे. मामा कधी सरळ दारात जात नसत. बैल घ्यायचाय म्हणून गावात शिरायचे, नाहीतर स्कूटर बंद पडली म्हणून तांब्याभर पाणी मागायचे. पाणी कोण आणून देतं, तांब्या घासलेला आहे का, आतून कोणी खेकसतं का, एवढ्यावरून ते घरची सगळी हकीकत सांगायचे. त्यांनी नको म्हटलेली दोन स्थळं पुढे खरोखर वाईट निघाली. त्यांच्यामुळे चांगली किती हातची गेली, हे मात्र कोणी मोजायला बसलं नाही.

मी मंठ्याजवळच्या खेड्यातली. बी.कॉम. झाले आणि कॉम्प्युटरचा कोर्स करायला मामांकडे येऊन राहिले. घरोघरी मोबाइल यायला लागले होते, पण इंटरनेट अजून दुकानात जाऊन तासावर घ्यावं लागायचं. वडिलांनी मला मुदत दिली होती. पाडव्यापर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर गावी यायचं आणि पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन उभं राहायचं. वडील वाईट नव्हते, शब्दाचे पक्के होते, आणि मला भीती होती ती त्याचीच. एकदा ट्रे हातात आला की कॉम्प्युटर संपला, हे मला माहीत होतं.

नोकऱ्यांच्या एका साइटवरची जाहिरात पाहून मी अर्ज टाकून ठेवला होता. एके दिवशी मेल आला: अभिनंदन, आपली निवड झाली आहे. हैदराबादची कंपनी, पगार असा की वाचताना मी आकडा दोनदा बोटाने मोजला. मेलची प्रिंट काढून मी धावत दुकानात आले. मामांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मराठीत सांग."

मी सांगितलं.

"तुला पाह्यलं का त्यायनं?"

"नाही मामा."

"बोलले तरी?"

"ऑनलाइनमधे असंच असतं. बायोडाटा पाहून घेतात."

"न पाहता, न बोलता पसंत?" मामांनी कागद खिळ्यांच्या डब्यावर ठेवला. "अगं माय, पोरगी न पाहता पसंत करून राह्यले म्हंजे पोरात खोट असती. बरं, मागून काय राह्यले?"

"काही नाही. रजिस्ट्रेशनच्या फीचा एक ड्राफ्ट पाठवायचाय."

"घ्या! टिळ्याच्या आधीच हुंडा. बिलकुल न्हाई."

मी दोन दिवस फुगून बसले. बिजागऱ्या विकणाऱ्या माणसाला इंटरनेटमधलं काय कळतं, असं मामीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणूनही घेतलं. पुढच्या महिन्यात ती साइटवरची जाहिरात गायब झाली आणि आमच्या क्लासमधली एक मुलगी, जिने ड्राफ्ट पाठवला होता, ती आठ दिवस क्लासला आली नाही. हे मी मामांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला बिजागरीबरोबर तेही बांधून दिलं असतं.

दुसरी जाहिरात एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीची होती. कॉम्प्युटर ऑपरेटर पाहिजे, पहिली मुलाखत हेड ऑफिसकडून इंटरनेटवर. ठरल्या वेळी मी सायबर कॅफेत जाऊन बसले, आणि शेजारी स्टूल ओढून मामा. दुकानाला कुलूप लावून आले होते. पडद्यावर फक्त अक्षरं उमटत होती, तर मामा मॉनिटरच्या मागे डोकावून आले.

"तोंड कुठंय त्याचं?"

"मामा, चॅटिंग आहे हे. तोंड नसतं."

समोरून इंग्रजीत प्रश्न येत होते, कोरडे, तुटक. शिक्षण काय, टायपिंग किती, पाळीत काम कराल का. कौतुक एका शब्दाचं नाही. मी उत्तरं टाइप करत होते, आणि कानाशी मामा. "विचार त्याला, हापिसात बाया किती हायत?"

"असं विचारत नसतात."

"तू विचार. न्हाई तर मी चाललो गावाकडं, तुझ्या बापाला सांगतो."

नाइलाजाने मी टाइप केलं. मग उत्तर आलं: तीन. का?

मी कपाळाला हात लावला. मामांनी मात्र मांडीवर थाप मारली. "का म्हणला ना? मंग बराबर माणूस हाय. लबाड माणूस का म्हणून विचारत न्हाई, नुसता हो हो करत राहतो."

कंपनीच्या माणसाने 'कळवू' म्हटलं आणि तो पडद्यावरून गेला. दुसऱ्या दिवशी मामांनी स्कूटर काढली. कुलपांची ऑर्डर मिळते का पाहायला आलोय, असं सांगून ते कंपनीच्या गेटवर दुपारभर बसले. रात्री ताटावर अहवाल आला. वॉचमन अकरा वर्षांपासून तोच आहे. जेवणाच्या सुट्टीत माणसं हसतात. बियाण्याच्या पोत्यावर कोणी पाय देऊन चढत नाही, हे तर त्यांना फारच आवडलं होतं.

"पगार वेळेवर होतो का ते विचारलं?" मी म्हणाले.

"बायायसाठी येगळा संडास हाय," मामा म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. "उद्या आनखी एक चक्कर मारून येतो."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. जाताना स्कूटरच्या डिकीत पेचकस टाकला; आरसा ढिला झालाय म्हणाले. संध्याकाळी येऊन हात धुतले आणि निकाल दिला. "स्थळ खरं हाय. येगळा संडास हाय, अन् त्याला आतून कडी बी हाय."

मला हसू आवरेना. कंपनी खरी की खोटी हे तिची नोंदणी, तिची उलाढाल पाहून ठरवतात, असं आमच्या क्लासच्या सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. त्या यादीत कडी कुठेच नव्हती. मी मैत्रिणींना हा किस्सा मामांच्या आवाजात करून दाखवला आणि खूप हशा मिळवला.

पुढच्या आठवड्यात मी क्लासहून घरी आले तर मामीचा चेहरा उजळलेला. ओट्यावर पोह्यांची कढई रिकामी.

"एक पाव्हणे आल्ते. पांढरा शर्ट, हातात फाइल. तुझंच विचारून राह्यले व्हते." मामीला बोलायला श्वास पुरेना. "म्या काही कमी पडू दिलं न्हाई. म्हणलं, पोरगी गाय हाय. उलटून बोलत न्हाई. उंबऱ्याबाहेर पाय टाकत न्हाई. शेजारच्या काकू बी मधी आल्या, त्या म्हणल्या, पुरणपोळी तर अशी करती की बस."

मला पुरण वाटायचं की शिजवायचं आधी, हे आजही विचारावं लागतं.

मामा दारातच थबकले होते. "पाव्हणे कुठले म्हणले? सोयरे कोण सांगितले?"

"त्यायनं न्हाई सांगितलं. बारावीचे मार्क विचारले. पाळीला जाईल का म्हणले."

"पाळीला?"

"हां. मला बी नवल वाटलं. मंग म्हणले, नोकरी टिकवील का? म्या म्हणलं, छ्या! नोकरीचं बिलकुल येड न्हाई आमच्या पोरीला. लग्न झालं की घरीच राहील."

मामा खाली बसले. "अगं, ते स्थळ न्हाई. ती कंपनी व्हती!"

मामीला आधी ते पटेना. कंपनी कशाला घरी येईल? पण मामांना लगेच उमगलं होतं. ते कंपनीच्या गेटवर जाऊन बसले होते, तसा कंपनीचा माणूस आमच्या गल्लीत येऊन बसला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात तांब्याभर पाणी मागणाऱ्या माणसाच्या घरी कोणीतरी पोहे खाऊन गेलं, आणि त्याला पत्ता लागला नाही. एरवी मी मामांना यावरून महिनाभर चिडवलं असतं. त्या दिवशी मला रडूच आलं. मामीवर ओरडलेही. ती कढई घासत बसली.

मेल आला नाही. मी रोज कॅफेत जाऊन पाहायची. पाडवा चार दिवसांवर आला, वडिलांचा फोन आला की पाहुणे सोमवारी येतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी राहिली. मामा म्हणाले, मी जाऊन बोलतो. मामी म्हणाली, "तुम्ही गप बसा. बिघडवलं म्या, निस्तरते बी म्याच."

स्कूटरवर आम्ही तिघं. लोखंडाच्या मिलच्या धुरातून, टेम्पोंच्या मधून. मामा गेटवर वॉचमनपाशी थांबले, आम्ही दोघी आत. मॅनेजरसाहेब इथलेच, जालन्याचे. तेही जरा अवघडले होते. म्हणाले, "काय आहे मावशी, आधीच्या दोन मुली लग्न ठरलं की निघून गेल्या. आमचा माणूस तुमच्याकडं येऊन गेला. मुलीला नोकरीची आवड नाही, असं तुम्हीच सांगितलं."

मामीने पदर सावरला. आमच्याकडे पोरीबद्दल बोललेला चांगला शब्द कोणी परत घेत नाही. लग्न मोडलं तरी घेत नाहीत. मामीने घेतला.

"साहेब, म्या खोटं बोलले. ते स्थळाचे पाव्हणे हायत असं वाटलं मला. पोरगी तशी न्हाई. हिला पुरणपोळी येत न्हाई. भाकरी थापली तर नकाशा होतो. अंधार पडल्याशिवाय घरी येत न्हाई, त्या कंप्युटरपुढून उठतच न्हाई. लग्नाचं नाव काढलं की ताट सरकवून उठती. झोपेत बी बोटं हलवत राहती, तसं टाइप केल्यावानी. अन् उलटून तर अशी बोलती, काय सांगू."

मी खाली मान घालून ऐकत होते. लाज वाटत होती, आणि त्याच्या खाली दुसरंच काहीतरी वाटत होतं. वर्षभर मला वाटत होतं, या घरात मला कोणी ओळखत नाही. मामीला माझी झोपेतली बोटंही माहीत होती.

"आता बघा साहेब," मामी म्हणाली, तिचा आवाज बारीक झाला, "हे जे म्या बोलले ते बाहेर गेलं तर हिला स्थळ येणार न्हाई. तव्हा निदान नोकरी तरी द्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे का हे?"

"सर, भाकरी येते मला," मी म्हणाले. "इतकी काही वाईट नसते."

"घ्या!" मामीने माझ्याकडे हात केला. "बोलली का न्हाई उलटून?"

साहेब इतके हसले की बाहेरून दोघं डोकावले. पाडव्याच्या आदल्या दिवशी मेल आला. सोमवारी पाहुणे आले नाहीत, मीच कामावर गेले.

पहिल्या दिवशी दुपारी बियाणं निवडणाऱ्या एका मावशींनी मला बायकांचा संडास दाखवला. दाराला हात लावत म्हणाल्या, "आता बरं झालं. आधी कडीच नव्हती. एकीनं आत जायचं, अन् दुसरीनं दार धरून उभं राह्यचं. मागच्या महिन्यात एक जण कुलपाची ऑर्डर विचारायला आल्ता. दुसऱ्या दिवशी आपला पेचकस घेऊन आला अन् कडी ठोकून गेला. वॉचमननं पैसे विचारले तर म्हणला, राहू द्या, आमची पोर यायचीय."

मी आत गेले आणि कडी लावली. आमच्याच दुकानातली होती, पितळी, वरच्या फळीवरची. ती मामा कधी कोणाला उधारही देत नसत. या कडीवरून मी मैत्रिणींना किती हसवलं होतं, ते मला आठवलं. बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली, मावशींनी दोनदा दार वाजवलं, तरी मला ती कडी काढता येईना.