चौथ्या शिफ्टचे जोडधंदे

बँड बंद पडला की वाद्यं विकली जातात, माणसं कामाधंद्याला लागतात, पण किस्से कुठेच जात नाहीत. आमचा बँड बंद पडून वीस वर्षं होऊन गेली, तरी दरवर्षी माझ्याकडे दोन-चार नवे किस्से तयार होतात. याचं एक कारण असं की "हट, असं कुठं झालं होतं बे" म्हणून मला अडवणारे बँडमधले बाकीचे तिघंही आता भंडाऱ्याजवळच्या आमच्या वरठीत राहत नाहीत.

मी राहतो. इथल्या एका कारखान्यात वजनकाट्यावर बसतो. ट्रक येतो, उभा राहतो, वजन होतं, जातो. लग्न झालं नाही. घरी बोलायला रेडिओ आहे, पण तो ऐकत नाही.

आम्ही चौघं होतो. गिटार आणि गाणं मुन्नाकडे, कीबोर्डवर कोंढ्याचा सुरेश, ड्रमवर चिखल्याचा दिलीप आणि बेस गिटार माझ्याकडे. कारखान्यात तीन शिफ्टा चालतात, म्हणून बँडचं नाव 'चौथी शिफ्ट'. आमच्या संगीताला पोस्ट-पंक म्हणतात, हे आम्हाला मुन्नाच्या मावसभावाने सांगितलं. तो नागपूरहून कॅसेटी आणायचा. त्यांतला गायक गायचा नाही, घरमालकाकडे तक्रार केल्यासारखा बोलायचा. गिटार चरचरायची आणि बेस सगळ्यांच्या पुढे चालायचा. आम्हाला हे फारच पटलं. मुन्नाला गाता येत नव्हतं, हेही एक कारण होतंच.

पहिला कार्यक्रम भंडाऱ्याच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. आम्ही जीव तोडून लागोपाठ तीन गाणी वाजवली. शेवटचा आवाज विरला. हॉलमध्ये चिडीचूप. तेवढ्यात निवेदक सर माइकपाशी आले आणि अदबीने म्हणाले,

"साउंड चेकिंग झालं असन, तर कार्यक्रमाला सुरुवात करावी!"

* * *

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. जुन्या, विसरल्या गेलेल्या बँडांवर त्या लिहितात म्हणे. आमची एकुलती एक कॅसेट त्यांना कुठल्याशा भंगारात सापडली होती. मी तासभर बोललो. इतकं बोलायची सवय राहिली नव्हती, घसा बसला.

शेवटी त्यांनी विचारलं, "बँडमधल्या बाकीच्यांचे साइड प्रोजेक्ट्स काय होते?"

मी म्हणालो, "काही नाही. टाइमपास."

फोन ठेवला आणि मलाच कसंतरी झालं. साइड प्रोजेक्ट म्हणजे आपल्याकडच्या भाषेत जोडधंदा. तिघांनीही बँडच्या बाजूला स्वतःचं काही ना काही केलं होतं. मी मात्र त्यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं. प्रॅक्टिसला दांडी मारून हे लोक दुसरंच करत बसतात म्हणून तेव्हा मी तोंड फुगवून होतो. तोंड फुगवण्यात माझी तरुणपणाची तीन-चार वर्षं गेली असतील.

म्हणून ठरवलं की आता एकेकाचं ऐकायचं.

* * *

सुरुवात मुन्नापासून. मुन्ना गिटार ठेवून दोन हंगाम झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवायला गेला होता. आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात, मंडप ओसंडून जातात. आणि नाटक म्हटलं की हिरोचा बाप मरतोच. बाप मरायला लागला की ऑर्गनवाल्याने रडकी चाल धरायची, ही रीत.

मुन्नाने चाल धरली नाही. एकच सूर दाबून धरला. पोस्ट-पंक! बाप कोसळला, सूर चालू. मुलगा छाती पिटून गेला, सून बेशुद्ध पडली, सूर चालूच. हे त्या नाटकात बाप झालेल्या नटानेच मला सांगितलं. तो आता साकोलीला किराणा दुकान चालवतो.

"मंग तुम्ही काय केलं?" मी विचारलं.

"काय करतो? मेलेला मानूस मी. पन डोळा उघडून इचारलोच, मुन्नाभाऊ, मले तिरडीवर जाऊ देता का नाही?"

मग दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून तो हळूच म्हणाला, "पन एक सांगू का? बाया इतक्या कधीच नाही रडल्या. माहा खरा बाप मेला त्या वक्ताले मले तोच सूर ऐकू येऊन राहिला होता."

हे सांगायला मी मुन्नाला फोन केला. तो नागपूरला विमा विकतो. म्हणाला, "अबे, ते बंद कर ना. पोराले माहीत नाही मी असं काही करत होतो म्हणून." दोन मिनिटांत त्याने मलाच एक पॉलिसी समजावून सांगितली. नॉमिनी कोणाला ठेवशील, असं विचारलं तेव्हा मला कोणाचं नाव सुचेना, म्हणून फोन मीच कट केला.

* * *

सुरेशचा जोडधंदा कोंढ्याला, शेतातच. त्याच्या धानात रानडुकरं शिरायची. बाकीचे लोक भोंग्यावर कुत्र्यांचं भुंकणं नाहीतर वाघाची डरकाळी लावतात. सुरेशला ते हलकं वाटलं. त्याने कीबोर्डवर स्वतः चाळीस मिनिटांचा भयाण आवाज रचला, करवतीसारखा, आणि बांधावर भोंगा बांधून वाजवला.

सकाळी जाऊन पाहतो तर सगळं धान जसंच्या तसं. फक्त भोंग्याभोवती गोल चिखल तुडवलेला. खुरांचे ठसेच ठसे.

"मले वाटलं भोंगा तोडायले आले असतीन," सुरेश मला सांगत होता, "पन भोंग्याले ओरखडाही नाही. आठ दिवस रोज तेच. धान सोडून त्याइचं आपलं भोंग्यापाशीच बसनं."

"म्हणजे ऐकायला यायचे?"

"आता डुकराच्या मनातलं मी काय सांगू? पन आपल्या बँडले एवढं पब्लिक कधी आलं होतं, तूच सांग."

त्याने ती कॅसेट लावली. आम्ही दोघांनी बाजेवर बसून चाळीसही मिनिटं ऐकली. खरंच चांगली होती. मी तसं म्हणालो, तर सुरेश उठून उगाचच बैलांना पाणी दाखवायला गेला. बराच वेळ आला नाही.

* * *

निघताना सुरेशने ट्रंकेतून आणखी एक कॅसेट काढून दिली. "दिलीपची हाय. मले त्याने तवा एक देल्ली होती. तुह्याकडं असनच म्हना."

माझ्याकडे नव्हती. आता हे सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

दिलीप आमच्यात सगळ्यात चांगला वाजवायचा. बँडच्या शेवटच्या वर्षी तो चिखल्याला मँगनीजच्या खाणीत लागला. सुट्टीच्या दिवशी, वडिलांच्या भजनी मंडळाची पेटी आणि स्वतःचे ड्रम घेऊन त्याने आठ चाली रेकॉर्ड केल्या. कॅसेट द्यायला तो मुद्दाम वरठी स्टेशनवर आला होता. म्हणाला, "ऐक अन् सांग, काही कमी वाटते काय."

महिनाभर ती माझ्या काट्याच्या खोलीतल्या टेबलात पडून होती. न ऐकताच परत केली आणि म्हणालो, "मस्त आहे. काही कमी नाही."

"पक्का?"

"एकदम पक्का."

त्याने कॅसेट खिशात टाकली. त्यानंतर शिफ्ट बदलली म्हणून तो प्रॅक्टिसला आला नाही, आणि ड्रमशिवाय आमचं काय चालणार! बँड तिथेच संपला. पुढे लग्नाकार्यात भेट व्हायची, तेव्हा तो मला 'तुम्ही' म्हणायचा. "काय म्हणता, बरे आहात?" वीस वर्षं एवढंच. मुन्ना नागपूरला गेला, सुरेश शेतीत गुंतला, त्याचं मला एवढं लागलं नाही. दिलीप मात्र मला परत हवा होता.

तर सुरेशने दिलेली कॅसेट मी घरी आणून तीन वेळा ऐकली. आठही चालींत ड्रम आणि पेटी, आणि मधे मोठाली मोकळी जागा. बेस औषधालाही नाही! माझ्यासारख्या बेसवाल्याला हे आधी टोचलं, मग एकदम उमगलं. बेसच काढून टाकायचा, केवढी ही हिंमत! वीस वर्षांपूर्वी, चिखल्यात बसून! पुण्याच्या बाईंना पाठवायला मी त्यावर दोन पानं लिहिली. खाणीत खोल उतरणारा माणूस संगीतातही पोकळी ठेवतो, ही रिकामी जागा हेच या कॅसेटचं खरं वाद्य आहे, वगैरे. आयुष्यात एवढं चांगलं मी कधी लिहिलं नव्हतं. पण आधी त्याला वाचून दाखवावं म्हणून रविवारी गाडी काढली आणि चिखल्याला गेलो.

दिलीप खाणीच्या कॉलनीतल्या घरासमोर खुर्ची टाकून बसला होता. केस पांढरे झालेले. त्याने दुसरी खुर्ची आणली. मी आधी माफी मागितली, तेव्हा न ऐकताच परत केली होती हे कबूल केलं. मग मी दोन्ही पानं वाचली, रिकाम्या जागेचा भाग तर दोनदा.

त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. आतून चहा आला. कप माझ्या हातात देत तो म्हणाला,

"अबे, ते जागा तुह्यासाठी सोडलो होतो. बेस तू वाजवशीन म्हनून."

चहा तसाच हातात राहिला. दिलीपने वाकून माझ्या मागे उभ्या केलेल्या गाडीकडे पाहिलं.

"बेस आनला काय संगं?"

"नाही," मी म्हणालो, "ही दोन पानं आणली."