पाट्यासाठी फोकस

आमच्या गटाचे किस्से सांगायला मी कधी मुद्दाम बसत नाही, ते आपोआप निघतात. कुणी साधी बॅटरी पेटवली तरी देवा हसायला लागतो. तो हसला की मुरलीभाऊ चिडतात आणि मुरलीभाऊ चिडले की पुढचा अर्धा तास गेलाच समजा!

गट म्हणजे आम्ही तिघंच. मुरलीभाऊंचं भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान आहे. देवा लग्नाचे फोटो काढतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे चूक कुणाचीही असो, "सर, तुमीच तं सांगतलं होतं!" हे वाक्य माझ्या वाट्याला ठरलेलं.

पाण्याखालची फोटोग्राफी आम्ही हौसेनं सुरू केली नाही. ती सुरू झाली एका पाट्यासाठी.

मुरलीभाऊंचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. गाव सोडायच्या आदल्या दिवशी शेजारच्या गिरजाबाईंनी चटणी वाटायला मुरलीभाऊंच्या आईचा पाटा-वरवंटा नेला. सकाळी ट्रॅक्टर आले, सामान भरलं, आणि नव्या गावात उतरवताना बघतात तर पाटा नाही! आई म्हणाल्या, "गिरजीनं ठेवून घेतला." गिरजाबाई म्हणाल्या, "मी तिच्या दारात नेऊन ठेवला होता." नव्या गावात दोघींची घरं समोरासमोर आली आणि बोलणं मात्र त्या दिवसापासून बंद. जन्मभराच्या मैत्रिणी, पण सडा टाकतानाही एकमेकींकडे पाठ!

मुरलीभाऊंना याचं फार वाईट वाटायचं. "आई थकून राहिली, सर. दोघी एकदा बोलल्या पायजे," ते म्हणाले. "उन्हाळ्यात पानी उतरते. आमच्या घराचं जोतं माणूसभर पान्यात राह्यते. पाटा कोनाच्या दारात आहे, एक फोटो काढू. झगडा खतम!"

पाटा ओळखायला सोपा होता. त्याचा एक कोपरा तुटलेला आहे. लहानपणी तो मुरलीभाऊंनीच तोडला होता, पण हे आईंना अजून माहीत नाही.

*

पहिली चाचणी कारध्याला, वैनगंगेत. देवानं कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या डब्यात घातला, बुडी मारली आणि भराभर फोटो काढले. सगळे तपकिरी! गढूळ अंधारात कॅमेऱ्याला वस्तूच सापडेना, लेन्स नुसती पुढंमागं घुर्रघुर्र करत राहिली.

मुरलीभाऊ एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. शेवटी म्हणाले, "देवा, हे पानी आहे का चहा?"

"कॅमेऱ्याले पयले वस्तू दाखवा लागते, भाऊ," देवा म्हणाला. "त्याच्यासाठी येगळा लाइट राह्यते. फोकस लाइट!"

*

मुरलीभाऊ दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले आणि रुबाबात म्हणाले, "एक फोकस द्या."

आता आपल्याकडे फोकस म्हणजे काय? मांडवाच्या खांबाला बांधतात तो! दुकानदारानं टोपलीएवढा हॅलोजन काढून काउंटरवर ठेवला. "लग्न कोनाचं आहे, भाऊ?"

"लग्न नाही. पान्याच्या आत लावाचा आहे."

दुकानदारानं हॅलोजनकडे पाहिलं, वायरकडे पाहिलं, मग मुरलीभाऊंकडे. आवाज एकदम हळू करून म्हणाला, "भाऊ, घरी काही टेन्शन आहे का?"

त्यानं फोकस दिला नाही. वर चहा पाजला आणि मुरलीभाऊंच्या घरी, आमच्या वहिनींना फोन केला! वहिनी धावत आल्या.

*

मग देवानं घरगुती उपाय काढला. लोणच्याच्या मोठ्या प्लास्टिकच्या बरणीत बॅटरी ठेवायची, झाकण घट्ट लावायचं आणि बरणी कमरेला बांधून बुडी मारायची. मी विज्ञानाचा मास्तर, मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मीही बरणीच्या झाकणाला टेप लावण्यात रमलो होतो.

हवेनं भरलेली बरणी बुडेल कशी? देवाचं डोकं खाली गेलं, कंबर वर राहिली आणि दोन्ही पाय आकाशाकडे! ज्यांच्या डोंग्यातून आम्ही गेलो होतो ते सोनबाकाका ढिवर शांतपणे बिडी ओढत बघत होते. म्हणाले, "बदक असंच करते."

त्या दिवशी आमचा पहिला स्पष्ट फोटो मिळाला. देवाच्या पायाचा अंगठा, नखासकट. बरणीतल्या लोणच्याचा वास मात्र त्या बॅटरीला अजून येतो.

*

त्यानंतर ऑनलाइन खरा लाइट मागवला. पाण्यात चालणारा, भरपूर उजेडाचा आणि पसरट झोताचा. देवा खूश! त्यानं बुडी मारली, फोटो काढले. बघतो तर काळ्या फोटोभर पांढरे ठिपकेच ठिपके. पाण्यातला गाळ उजेडात चमकला होता.

मुरलीभाऊंनी तो फोटो आईंना दाखवला. आईंनी बराच वेळ निरखला आणि म्हणाल्या, "आभाळाचा काढला का रे? आंगनातून काढता आला असता, तेवढ्यासाठी पान्यात काहून गेले?"

यावरून आमच्या गटात फूट पडली. मुरलीभाऊ म्हणाले, "झोत बारीक पायजे. जितका उजेड कमी पसरन, तितका गाळ कमी दिसन." देवा म्हणाला, "बारीक झोतात तेवढंच दिसन, भाऊ! बाजूचं सारं अंधारात जाईन."

"मले बाजूचं कायले पायजे? मले फक्त पाटा पायजे!"

*

बारीक झोताचा लाइट आला. त्यात लाल उजेडाचीही सोय होती, मासे बिचकू नयेत म्हणून. तो तपासायला मुरलीभाऊंनी दुकानातलं सर्वांत मोठं घंगाळ पाण्यानं भरलं आणि तळाशी वरणाची पळी ठेवली. शटर अर्धं ओढलं. आम्ही तिघं घंगाळाभोवती उकिडवे बसून, लाल उजेडात, श्वास रोखून त्या पळीकडे बघत होतो.

तेवढ्यात एक बाई वाकून आत आल्या. त्यांना लेकीच्या लग्नासाठी गुंड, म्हणजे पाणी भरायचं पितळी भांडं, घ्यायचा होता. समोरचं दृश्य बघून त्यांनी चप्पल बाहेर काढली, पदर सावरला आणि हात जोडले. "कोनता देव आहे, भाऊ?"

देवाला वाटलं, आपलं नाव विचारताहेत. मान खाली ठेवूनच म्हणाला, "मीच."

बाई गुंड न घेताच गेल्या.

*

मग तो दिवस आला. ऊन टळटळीत, पाणी खाली गेलेलं. सोनबाकाकांनी डोंगा बरोब्बर मुरलीभाऊंच्या जुन्या घरावर नेऊन उभा केला. देवा चार वेळा खाली गेला. पाचव्यांदा वर आला तो ओरडतच, "भेटला! ढीगभर गाळ हातानं सारला, पन भेटला!"

फोटो इतका सुरेख की मुरलीभाऊ तो पुन्हा पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. काळोखात उजेडाचा एक गोल. गोलात दाराची पायरी आणि पायरीवर तुटक्या कोपऱ्याचा पाटा. वर एक मासा घरमालकासारखा बसलेला. आणि दार मुरलीभाऊंच्याच घराचं! म्हणजे गिरजाबाई खरं बोलत होत्या.

आता हे आईंना सांगायचं कुणी? आम्ही तिघं एकमेकांना ढकलत त्यांच्या ओसरीवर गेलो. मुरलीभाऊंनी मोठा छापून आणलेला फोटो आईंच्या हातात दिला. आईंनी पाटा ओळखला. तुटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. डोळे भरून आले त्यांचे. देवानं तर तोंडच फिरवलं.

मग आई उठल्या. चप्पल घातली, रस्ता ओलांडला आणि इतक्या वर्षांनी गिरजाबाईंच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही मागोमाग. मुरलीभाऊ माझा हात दाबून कुजबुजले, "माफी मांगते, सर! पाहा तुमी!"

आईंनी फोटो गिरजाबाईंच्या नाकासमोर धरला.

"पाटा भेटला, गिरजे. वरवंटा कुठी आहे?"

गिरजाबाईंनी चष्मा पुसला, लावला. फोटो हातात घेतला. पायरी पाहिली, पाटा पाहिला, मासा पाहिला. मग बोट हळूहळू डावीकडे सरकवत उजेडाच्या गोलाबाहेर, आपल्या जुन्या घराच्या बाजूला, फोटोच्या पार काळ्या कडेवर नेऊन ठेवलं आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या,

"इथी आहे. माह्या चुलीपाशी. फोकस जरासा मोठा आनला असता तं काय झालं असतं रे, पोट्टेहो?"