अळणी नवस

विलास दारू पिऊन आलाय, हे त्याच्या बायकोनं माझ्या दवाखान्याच्या दारातूनच जाहीर केलं.

"मॅडम, पाहा कसा डुलून राहिला. मी आता लेकरं घेऊन रामाकोन्याले चालली, माहेरी."

"मी नाही पेलो," विलास म्हणाला. जीभ जड, हात थरथरत होते. दारूचा वास मात्र नव्हता.

मी सौंसरला मानसोपचाराची प्रॅक्टिस करते. विलास जुना पेशंट. कधी रात्र रात्र झोपायचा नाही, वाटेल ते बोलत फिरायचा. कधी खाटेवरून उठायचाच नाही. लिथियमच्या गोळीनं तो ताळ्यावर आला होता. गोळी गुणाची, पण नखरेल. रक्तात जास्त झाली की विषच.

आदल्याच रविवारी मी नागपूरला सीएमईला गेले होते, तेही कुरकुरत. सीएमई म्हणजे डॉक्टरांची शाळा. रजिस्ट्रेशन रिन्यू करायला तिथले क्रेडिट अवर्स लागतात. या वयात मला कोण काय शिकवणार, म्हणत मागच्या रांगेत बसले. जेवणानंतर एक तरुण डॉक्टरीण लिथियमवर बोलली. "पेशंट मीठ किती खातो, विचारत जा. मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते." वाचलं मीही होतं, पण कधीच्या काळी.

"विलास, मीठ खातोस ना?"

"नाही जी. देवीले बोललो होतो, बरा झालो तं सव्वा महिना अळणी खाईन. तेच फेडून राहिलो."

बरं केलं माझ्या गोळीनं आणि नवस देवीचा. चालायचंच. मी गोळी थांबवली, सलाइन लावलं आणि ॲम्ब्युलन्सनं नागपूरला धाडलं. रक्तात लिथियम वाढलेलंच निघालं. वेळेवर कळलं म्हणून किडनी वाचली.

बरा होऊन दोघं भेटायला आले, तेव्हा बायकोला वेगळीच काळजी.

"नवस अर्धाच राहिला जी. देवी कोपली तं?"

"मिठाऐवजी गूळ सोडतो म्हणावं. ऐकेल ती."

तिनं मान हलवली. मग हळूच म्हणाली, "म्या याले साऱ्या मोहल्ल्यासमोर बेवडा म्हटलं."

"मंग आता साऱ्या मोहल्ल्यासमोर नाही म्हण," विलास म्हणाला.

त्या डॉक्टरणीला मी फोन करून मनापासून आभार मानले. हल्ली गोळी लिहिण्याआधी नवस विचारते, आणि सीएमईला पुढच्या रांगेत बसते.

बायको रामाकोन्याला गेलीच. पण विलासला घेऊन, भाचीच्या लग्नाला. पंगतीत त्याच्या पानात मीठ तिनं स्वतः वाढलं म्हणे.