झडप लाव, मोटार लाव

हवा खेळवायच्या पत्र्याच्या डक्टमध्ये धूळ साचते तसे किस्से साचतात. मुद्दाम कुणी टाकत नाही, रोज कुणी बघत नाही, आणि एखाद्या दिवशी झडप उघडली की सगळे अंगावर! परवा जुन्या मंडळींबरोबर चहा पिताना तसंच झालं. हसून हसून सगळ्यांना ठसका लागला. मला मात्र हसू अर्धंच आलं, कारण हे सगळं घडत होतं तेव्हा माझं लग्न टांगणीला लागलं होतं.

साठ सालानंतरची गोष्ट. पनवेलबाहेर एक औषधांचा कारखाना उभा राहत होता. कॅप्सूल भरायच्या खोलीत हवा थंड आणि कोरडी हवी. आमच्या खाडीच्या हवेत कॅप्सूल एकमेकींना चिकटून त्यांचा लाडू व्हायचा. म्हणून पत्र्याचे मोठाले डक्ट, त्यांत हवा अडवायला-सोडायला लोखंडी पात्यांच्या झडपा, आणि झडप विजेवर फिरवायला प्रत्येकीला एक पेटीएवढी मोटार. त्या मोटारी बसवायच्या आणि त्यांचं वायरिंग करायचं, हे आमचं काम. आम्ही सगळी ठेकेदाराची माणसं. काम संपलं की घरी! कारखाना फक्त एक वायरमन कायमचा ठेवणार होता, आणि तो मी की दुसरा कोणी, हे चाचणीच्या दिवशी ठरणार होतं.

तिकडे उरणला मोरा बंदराजवळ भुसारी दुकान चालवणारे तात्या, म्हणजे माझे होणारे (किंवा न होणारे!) सासरे, निरोप धाडून बसले होते. "नोकरी कायम झाली की कळवा. तोवर मुलगी आमच्या घरी सुखात आहे."

आता तुम्हीच सांगा, माणसाला झोप कशी लागावी?

*

आमचे फोरमन दाऊदभाई. पनवेलचेच. पत्र्याच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण वीज म्हटली की त्यांचा कारभार अंदाजपंचे.

या मोटारीला तीन वायरी असत. एक झडप उघडायची, एक मिटायची, आणि तिसरी दोघींची सामाईक. आमचे इंजिनीयर साहेब तिला 'कॉमन' म्हणत. एकदा मी तापाने घरी पडलो, तर दाऊदभाईंनी स्वतःच एक मोटार जोडली. मी परत आलो तेव्हा मोटार ढिम्म! उघडेना, मिटेना. माझ्या तोंडचं पाणी पळालं. परदेशी मोटार, जळली असेल तर खापर वायरमनच्याच डोक्यावर फुटणार!

पेटी उघडून बघतो, तर तिसरी वायर नुसती लोंबतेय.

"दाऊदभाई, ही कॉमन का नाही जोडली?"

"अरे मियाँ, कॉमन म्हणजे मामुली ना? म्हटलं, खास खास आधी जोडू, मामुली नंतर बघू!"

*

वायरमन असून मला विजेची भीती वाटते. हे मी लग्नानंतरही बायकोला बरेच दिवस सांगितलं नाही. त्या मोटारी चोवीस व्होल्टवर चालत. तेवढ्याने माणसाला काही होत नाही, हे मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि वायर हातात धरणं वेगळं! मी रबरी बूट घालायचो, पायाखाली लाकडी फळी घ्यायचो, हातमोजे चढवायचो आणि मगच स्क्रू ड्रायव्हर उचलायचो.

हासू पाटील आमच्यातला सगळ्यात बिनधास्त गडी. उरणकडच्या मिठागरवाल्या घरातला. डक्टच्या आत शिरायचं काम त्याचं, कारण अंगाने तो वेतासारखा. एकदा माझा हा सगळा जामानिमा बघून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"वसंतशेट, मोटार जोरता का मधाच्या पोल्याला हात घालता?"

मी म्हटलं, "हास बाबा, पण तूही जपून राहा."

"माना काय व्हनार हाय? आमी पत्र्यातली मानसा. करंट तुमचा, झडप आमची!"

त्यावर दाऊदभाईंनी त्याला समोर बसवलं आणि झडपेच्या पात्यांमध्ये बांबूची काठी धरली. मोटार चालू केली. ती चालायची इतकी सावकाश की बघणाऱ्याला जांभई यावी. पाती मिटत आली, काठीला टेकली. आम्हाला वाटलं, आता थांबेल. कडाक! काठीचे दोन तुकडे झाले आणि पाती शांतपणे मिटली.

दाऊदभाई म्हणाले, "हळू चालतो तो गरीब असतो असं नाही, हासू."

हासू काठीचे दोन्ही तुकडे जुळवून बघत बसला. मी तर रात्री जेवलोही नाही.

*

माझं स्थळ उरणच्या मावशीने सुचवलं होतं. मावशी कामाचं कौतुक सांगायला तात्यांकडे गेली.

"मुलगा कंपनीत मोटारी लावतो," ती म्हणाली.

तात्यांनी विचारलं, "कुणाच्या मोटारी?"

"कंपनीच्या! साहेब स्वतः उभं राहून लावून घेतात."

तात्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला साहेबांच्या गाड्या झाडाखाली नेऊन लावणारा पोरगा. त्यांनी घरात सांगितलं, "ड्रायव्हर आहे. वायरमन म्हणून फसवताहेत."

हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी एस.टी. पकडून उरण गाठलं. सोबत मोटारीचा एक मोडका सांगाडा पिशवीत घालून नेला. तात्यांच्या दुकानात, तांदळाच्या पोत्यावर, तो काढून ठेवला.

"तात्या, ही मोटार."

तात्यांनी चष्मा वर केला, खाली केला. सांगाडा उलटा करून बघितला.

"चाकं कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

*

आमचे इंजिनीयर रंगनाथन साहेब मद्रासकडचे. मराठी शिकायची त्यांना भारी हौस. रोज एक नवा शब्द पकडायचे आणि दिवसभर आमच्यावर चालवायचे. एके दिवशी त्यांनी 'लावा' पकडला. तो दिवस मी विसरत नाही.

"दार लावा म्हणजे बंद करा. बरोबर?"

"बरोबर साहेब."

"पंखा लावा म्हणजे चालू करा?"

"अगदी बरोबर."

"मग झडप लावा म्हणजे काय?"

"बसवा!" दाऊदभाई म्हणाले.

"मिटा!" हासू म्हणाला.

"करंट जोडा!" मी म्हणालो.

तिघंही एकदम बोललो आणि तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. इतके दिवस आम्ही दिवसातून शंभरदा 'लाव रे' म्हणत होतो, आणि प्रत्येक जण आपापलं समजून काम करत होता! माझ्या डोळ्यांसमोर ती मोडलेली काठी आली. साहेब मात्र खूश झाले.

"व्हेरी रिच लँग्वेज!" ते म्हणाले.

*

आणि मग चाचणीचा दिवस.

तात्या सकाळच्या एस.टी.ने येऊन थेट कारखान्याच्या फाटकावर बसले होते. "निकाल ऐकूनच जाईन" म्हणाले. मी आत, ते बाहेर. सकाळपासून मला स्क्रूची खाच सापडेना.

वरच्या मजल्यावर बटणांच्या पॅनेलसमोर रंगनाथन साहेब उभे होते. शेजारी मी. पलीकडे डक्टच्या छोट्या दारापाशी दाऊदभाई. साहेबांनी त्या दारातून हात घालून झडपेवर बोट फिरवलं, धूळ लागली, तर म्हणाले पाती पुसून घ्या. हासू फडकं घेऊन आत शिरला. फक्त त्याच्या पायांचे तळवे दिसत होते, मग तेही दिसेनात. आतून पत्रा वाजायचा, तेवढाच त्याचा पत्ता.

मला राहवेना. आत माणूस आणि बाहेर करंट, हे माझ्या जिवाला मानवतच नाही. साहेबांचं लक्ष घड्याळाकडे आहे असं बघून मी पॅनेलमधला फ्यूज हळूच काढला आणि खिशात टाकला. विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर साहेब म्हणाले असते, भित्रा वायरमन कशाला ठेवायचा?

तेवढ्यात आतून हासूचा आवाज घुमला. "लाव!"

साहेबांचा चेहरा उजळला. शब्द ओळखीचा! मी "साहेब, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी स्वतःच झडप मिटायचं बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. साहेब लालबुंद होऊन माझ्याकडे वळले. "व्हॉट इज धिस?"

मला समोर फक्त फाटकावरचे तात्या दिसत होते. आणि आतून हासू पुन्हा ओरडला, "आरं दाऊदभाय, दार लाव ना! वाऱ्यानं कचरा डोल्यात जातंय!"

दाऊदभाईंनी दार लावलं नाही. ते आत वाकले आणि ओरडले, "हासू! हात कुठे आहे तुझा?"

"पात्यांमदी! फडका अरकलाय!"

साहेबांचं बोट अजून बटणावर होतं. त्यांनी ते चटका बसल्यासारखं उचललं. हासू सरपटत बाहेर आला, डोळे चोळत, दोन्ही हात शाबूत. आमच्या चेहऱ्यांकडे बघून म्हणाला, "काय झाला? कोन मेला?"

मी खिशातून फ्यूज काढून साहेबांसमोर धरला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. आधी फ्यूजकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग, माझ्यावरची नजर न काढता, त्यांनी फ्यूज दाऊदभाईंच्या पुढे केला आणि म्हणाले, "याला लावा."

एवढंच बोलून जिना उतरून गेले!

आम्ही तिघं तिथेच. याला म्हणजे फ्यूजला, की मला? आणि मला म्हणजे कामाला, की वाटेला? हासू म्हणाला, कामाला. मी म्हणालो, वाटेला. दाऊदभाई म्हणाले, "साहेबांच्या मराठीचा मालिक खुदा!" जाऊन विचारायची हिंमत तिघांतही नव्हती.

फाटकावर तात्या उठून उभे राहिले. छत्री काखेत, पिशवी हातात. माझा पडलेला चेहरा बघून त्यांनी मला काही विचारलंच नाही. दाऊदभाईंना विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

दाऊदभाई खोटं बोलत नसत. "साहेब यांच्याकडे बघून म्हणाले, याला लावा."

तात्यांनी छत्री दुसऱ्या काखेत घेतली. थोडा विचार केला.

"साहेब स्वतः म्हणतात तर मग आपण कशाला ताणायचं?" ते म्हणाले. "चला, पुढच्याच मुहूर्तावर लावून टाकू!"